राज्याभिषेकानंतरचे रामायण

एखादी दीर्घ कथा संपत आली, म्हणजे तिच्या चाहत्यांच्या मनात एक विलक्षण इच्छा उत्पन्न होते. पुढे काय होणार ही उत्कंठा तर असतेच. परंतु शेवट पाहण्यापूर्वी आरंभापासूनचे सारे पुन्हा एकवार डोळ्यांखालून घालावे, आणि तेही एकट्याने नव्हे, चार माणसांच्या संगतीत, असे त्यांना वाटू लागते. २०१९ च्या एप्रिल महिन्यात ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या विख्यात इंग्रजी अद्भुत-मालिकेचे आठवे आणि अखेरचे पर्व सुरू व्हावयाचे होते. तत्पूर्वीच्या सात पर्वांचे ६७ भाग बंगळूरातील आमच्या वसाहतीतल्या तरुण मंडळींनी एका घरी जमून, रात्री जागवून, ओळीने पाहिले. कोण कोणाला मारणार, कोणत्या राजकुलाचा केव्हा उच्छेद होणार, हे सारे त्यांना पाठ होते. तरीही ते पाहत होते. आपल्या आजोबांच्या पिढीने या प्रकाराला एकच शब्द वापरला असता : पारायण.

पुढे ते अखेरचे पर्व आले आणि पुष्कळांची निराशा झाली. मूळ कादंबरीकार जॉर्ज मार्टिन यांचा पाचवा खंड २०११ साली प्रसिद्ध झाला होता. पुढचा हाती नव्हता, आणि मालिका तर पुस्तकांना मागे टाकून पुढे निघून गेली होती. साहजिकच शेवट मालिकेच्या कर्त्यांनी आपल्या हातांनी घडविला. तो रुचला नाही, तेव्हा आमच्या मंडळींपैकी एकाने उद्वेगाने म्हटले की, एवढे पारायण फुकट गेले. त्या वेळी मला ते पटले नाही. पण का पटले नाही, हे सांगताही आले नाही. शेवटापूर्वी मागचे पुन्हा पाहण्यात माणूस नेमके काय मिळवू पाहतो, आणि शेवट बिघडला तर ते त्याच्या हातून जाते काय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात राहिला. त्याचे उत्तर मला पुढच्याच वर्षी, अगदी निराळ्या कथेत सापडले.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. कचेरीचे काम घरी आले आणि घर घरातच अडकले. २८ मार्चपासून दूरदर्शनने रामानंद सागर यांची ‘रामायण’ ही मालिका सकाळ-रात्र अशी दोन वेळा पुन्हा दाखविण्यास आरंभ केला. १८ एप्रिलला ती संपली. आणि दुसऱ्याच दिवसापासून २ मेपर्यंत तिचा उत्तरभाग, लव-कुशांची कथा, ‘उत्तर रामायण’ या नावाने दाखविण्यात आला. म्हणजे अखेरच्या पर्वापूर्वी संपूर्ण कथेचे पारायण हा जो प्रकार तरुण मंडळी हौसेने करीत होती, तोच देशातील असंख्य कुटुंबांनी त्या वसंतात सक्तीच्या सवडीत केला. आमच्या घरी आम्ही तिघे एकत्र बसत असू : ऐंशीच्या घरातली माझी आई, तेरा वर्षांची माझी मुलगी आणि मी. आईने ही मालिका प्रथम पाहिली ती मिरजेस. माझ्या मुलीने ती मुळीच पाहिलेली नव्हती.

प्रथम कालमानाचा विचार करू. मूळ मालिका २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ रोजी राज्याभिषेकाशी थांबली. एकूण ७८ भाग, आठवड्यास एक, रविवारी सकाळी. दीड वर्षांचा हा प्रवास २०२० साली बावीस दिवसांत आटोपला. केवळ वेळेची ही काटकसर कलाकृतीचे रूप कसे पालटून टाकते, हे पाहण्यासारखे होते. १९८७ च्या प्रेक्षकाला वनवास खरोखरच लांबला असे वाटले असेल. कारण राम चित्रकूटावर असताना प्रेक्षकाच्या घरी सहामाही परीक्षा, दिवाळी आणि एखादे लग्न होऊन जात असे. २०२० च्या प्रेक्षकाला तीच कथा एका अखंड उतरणीसारखी वाटली. जी संथ गती, जे पुनःपुन्हा चेहऱ्यांवर स्थिरावणारे चित्रण आणि रवींद्र जैन यांच्या स्वरातील ज्या चौपाया पूर्वी आठवड्याच्या विरहानंतर गोड वाटत, त्यांचा आता कधी कधी भार होई. उलट, पूर्वी विखुरलेले दुवे आता जवळ आले. दशरथाच्या हातून घडलेला श्रवणवध आणि त्याचा स्वतःचा पुत्रशोक, वालीचा रामाला प्रश्न आणि त्याचे अपुरे वाटणारे उत्तर, लंकेतील अग्निपरीक्षा आणि तिच्या आधीचे रामाचे मौन, ही सारी एका माळेत ओवली गेली. पहिल्या वेळी आपण घटना पाहतो. दुसऱ्या वेळी घटनांमधील नाते दिसू लागते.

दुसरी गोष्ट अद्भुताची. आकाशात एकमेकांवर आदळून विझणारे ते बाण माझ्या मुलीला प्रथम हास्यास्पद वाटले. ड्रॅगनच्या अग्निश्वासावर वाढलेल्या पिढीला तसे वाटावे, यात नवल नाही. परंतु चौथ्या-पाचव्या दिवसापासून तिचे हसणे थांबले, असे माझ्या ध्यानात आले. तिला बाण खरे वाटू लागले असे नव्हे. बाण कोणी सोडला आणि कोणावर, याकडे तिचे लक्ष लागले होते. अद्भुतरस साधनांच्या पूर्णतेवर फारसा अवलंबून नसतो, तो प्रेक्षकाच्या संमतीवर अवलंबून असतो, हे आपल्या दशावतारी खेळांच्या प्रेक्षकाला कोणी शिकवावे लागले नव्हते. सागरांची मालिका मनाने त्या खेळांच्या आणि रामलीलेच्या कुळातली आहे. तिची गणना आधुनिक चित्रपटकलेत करून तिला गुण देणे, हा तिच्यावर अन्याय होईल.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पुन्हा पाहणारा प्रेक्षक काही भाग गाळतो. कैकेयी कोपभवनात शिरली की आई न चुकता उठून स्वयंपाकघरात जाई. अग्निपरीक्षेच्या वेळीही तिने तेच केले. तिला कथा ठाऊक होती, आणि म्हणूनच ती पाहवत नव्हती. मुलगी मात्र हलत नसे. तिला सगळे पाहावयाचे होते. एकदा तिने विचारले, “आजी, तू मधलं मधलं का सोडतेस?” आई म्हणाली, “मला माहीत आहे गं पुढचं.” मुलगी म्हणाली, “मग राम जंगलात का गेला, ते तू पाहिलंच नाहीस.” या उत्तरातील मर्म त्या वेळी तिच्या किंवा माझ्याही ध्यानात आले नव्हते.

येथे आपल्या वाङ्मयातील एका प्रसिद्ध प्रसंगाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. विदर्भातील पद्मपूरचा भवभूती याने बाराशे वर्षांहूनही अधिक काळापूर्वी ‘उत्तररामचरित’ लिहिले. परशुरामपंत गोडबोले यांच्यामुळे एकोणिसाव्या शतकातच ते मराठी वाचकांच्या घरी आले. त्याच्या पहिल्या अंकाला चित्रदर्शनाचा अंक म्हणतात. राज्याभिषेक उरकला आहे, पाहुणे परतले आहेत, जनकही निघून गेल्यामुळे गर्भवती सीता उदास आहे. तिचे मन रमावे म्हणून लक्ष्मण सांगतो की, चित्रकाराने आपले सारे चरित्र भिंतीवर रेखाटले आहे. कोठपर्यंत, असे राम विचारतो. अग्निशुद्धीपर्यंत, असे लक्ष्मण उत्तर देतो. मग ती तिघे आपलीच पूर्वकथा पाहत पाहत पुढे सरकतात. शेवटचे पर्व सुरू होण्यापूर्वी मागची सारी पर्वे एकत्र बसून पाहण्याचा याहून जुना आणि याहून सूक्ष्म प्रसंग माझ्या माहितीत नाही.

त्या अंकात काय घडते, पाहा. विवाहाच्या चित्रापाशी तिघेही सुखावतात. कैकेयीचा वृत्तांत येताच राम काही न बोलता पुढच्या चित्राकडे वळतो. आर्यांनी मधल्या मातेचा प्रसंग गाळला, हे लक्ष्मण मनाशी टिपून ठेवतो. शूर्पणखेचे चित्र दिसताच सीता भिऊन उठते, आणि हे नुसते चित्र आहे, असे म्हणून राम तिला धीर देतो. पण जनस्थानापाशी त्याचा स्वतःचाच धीर सुटतो. गोदावरीच्या काठचे ते दिवस, प्रस्रवण पर्वत, पंचवटी हे पाहताना त्याचे डोळे भरून येतात, आणि थोड्याच वेळाने, आता पुरे, असे त्याला लक्ष्मणाला सांगावे लागते. नाशिकची गोदावरी ज्यांच्या गावाकडची आहे आणि ज्यांना बदलीच्या गावी तिचे चित्रच पाहावे लागते, अशा आपल्यासारख्यांना हा भाग वाचताना थोडे थांबावे लागते, हे मी कबूल करतो.

परंतु भवभूतीची खरी करामत पुढे आहे. चित्रे पाहून सीतेला त्या अरण्यांत पुन्हा जाण्याचे, भागीरथीत स्नान करण्याचे डोहाळे होतात. राम रथ सिद्ध करावयास सांगतो. दमलेली सीता त्याच्या बाहूवर झोपी जाते, आणि त्याच क्षणी दुर्मुख नावाचा हेर लोकापवादाची वार्ता घेऊन येतो. सुखासाठी मागविलेला रथच त्यागासाठी उपयोगी पडतो. म्हणजे पूर्वकथेचे हे एकत्र दर्शन कथेबाहेरचा विरंगुळा राहत नाही; शेवटाची वाट त्याच्यामधूनच फुटते. ज्याने मधला प्रसंग गाळला, जो हे नुसते चित्र आहे असे म्हणाला, त्याच्याच हातून पुढचे सारे घडते. शेवटापूर्वीचे पारायण ही निरुपद्रवी करमणूक नव्हे, असा इशारा या अंकात आहे, असे मला वाटते. आपण मागचे पाहत असतो आणि त्याच वेळी पुढच्याची तयारी होत असते.

आता आमच्या घराकडे परत येतो. १८ एप्रिलला राज्याभिषेक झाला. आईने निरांजन लावले, साखर वाटली आणि दूरदर्शन संच बंद करावयास सांगितले. “झालं रामायण,” ती म्हणाली. उद्यापासून उत्तर रामायण आहे, असे मुलीने सांगितले, तेव्हा ते मला नको, एवढेच ती बोलली. समोरच्या घरातल्या कन्नड आजींनी दारातूनच तिला दुजोरा दिला : आमच्याकडेही पारायण पट्टाभिषेकाशी थांबते, घरी तसबीरही पट्टाभिषेकाचीच असते. दोघींचे एकमत झाले आणि दारे लागली.

ही केवळ दोन वृद्ध स्त्रियांची भाबडी समजूत नव्हे, तिच्यामागे मोठी परंपरा उभी आहे. तुलसीदासांच्या ‘रामचरितमानसा’त उत्तरकांड आहे, पण त्यात सीतात्यागाची कथा नाही. वाल्मीकींचे उत्तरकांड मागाहून जोडले गेले असावे, असे पुष्कळ पंडितांचे मत आहे. आपल्या मराठीतही एकनाथांचे ‘भावार्थरामायण’ युद्धकांडातच त्यांच्या देहावसानामुळे थांबले. उरलेले युद्धकांड आणि उत्तरकांड त्यांचा शिष्य गावबा याने पुरे केले. म्हणजे येथेही शेवट दुसऱ्याच्या हातचा! शेवटाला हात घालावयास थोर कवीही कचरतात, आणि श्रोते तर कचरतातच. सागरांचाही मूळ बेत राज्याभिषेकाशी थांबण्याचा होता.

मग १९८८ साली तो बदलला कोणी? येथे मालिकेच्या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण घटना येते, आणि आश्चर्य असे की तिची चर्चा आपल्या टीकाकारांनी फारशी केलेली नाही. उत्तर भारतातील काही शहरांत, विशेषतः पंजाबात, स्वतःस वाल्मीकींचे वंशज मानणाऱ्या सफाई कामगारांनी झाडू खाली ठेवले. कथा येथे संपवू नका, वाल्मीकी जेथे स्वतः कथेत येतात तो भाग दाखवा, ही त्यांची मागणी होती. ती मान्य झाली आणि उत्तरभाग तयार झाला. रामकथेचा शेवट देशाने पाहावा, ही मागणी पंडितांकडून किंवा आपल्यासारख्या सुस्थित घरांतून आली नाही, ती रस्ते झाडणाऱ्यांकडून आली. राज्याभिषेकाच्या तसबिरीत ज्यांना जागा आहे त्यांना कथा तेथेच संपलेली बरी वाटते. ज्यांचा आदिपुरुष राजवाड्याबाहेर, नदीकाठच्या आश्रमात, टाकून दिलेल्या राणीला आसरा देतो, त्यांची कथा तेथून सुरू होते. २०२० च्या त्या सकाळी आमच्या रस्त्यावर एकच वर्ग बाहेर दिसत असे, तो म्हणजे शहराचे पौरकार्मिक. आम्ही दारे लावून राम वनात चाललेला पाहत असू आणि ते खाली झाडत असत. या दोन गोष्टींचा संबंध माझ्या मनात तेव्हा सहजच जुळला.

शिवाय वाङ्मयीन दृष्टीनेही त्यांची मागणी अगदी योग्य होती. वाल्मीकी रामायणाच्या आरंभीच, बालकांडात, कुश आणि लव हे काव्य रामाच्या सभेत गातात, असे सांगितले आहे. ‘गीतरामायणा’ची उभारणीही याच प्रसंगावर आहे. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीने दर आठवड्यास ऐकविलेल्या माडगूळकर-फडके यांच्या त्या ५६ गीतांचा प्रारंभ कुश-लव रामापुढे गात आहेत येथून होतो, आणि अखेरच्या गीतात वाल्मीकी त्यांना कसे गावे याचा उपदेश करतात. सारांश, रामायणाचा पहिला श्रोता खुद्द राम आहे. तो आपली कथा पुन्हा ऐकतो आहे, आणि गाणारे आपलेच पुत्र आहेत हे त्याला ठाऊक नाही. राज्याभिषेकाशी जो थांबतो त्याला ही कथा कोण सांगत आहे, कोणाला आणि कशासाठी सांगत आहे, याचा पत्ताच लागत नाही. शेवट गाळला की आरंभही अधुरा राहतो.

तेव्हा १९ एप्रिलपासून मी आणि माझी मुलगी असे दोघेच बसू लागलो. उत्तरभाग कलाकृती म्हणून कसा आहे, याचे उत्तर मोकळेपणाने द्यावयाचे तर तो पूर्वभागाहून दुबळा आहे. याचे कारण तंत्रात नसून दृष्टीत आहे. वाल्मीकींच्या कथेत आश्रमदर्शनाच्या मिषाने सीतेला रथात बसविले जाते आणि गंगेच्या पलीकडे गेल्यावर लक्ष्मण तिला खरे सांगतो. ते भयंकर आहे, आणि भयंकर असावयासच हवे. सागरांच्या मालिकेत लोकापवाद कळल्यावर सीता स्वतःच वनात जाण्याचा निश्चय करते, आणि रामाला तो मान्य करावा लागतो. हेतू उघड आहे : रामावर डाग येऊ नये आणि सीताही दीन दिसू नये. पण परिणाम काय होतो? अन्याय करणारा कोणीच उरत नाही. सीतेचे दुःख तिचा त्याग ठरते, त्याग गुण ठरतो, आणि गुणाचे कौतुक करून प्रेक्षक मोकळा होतो. माझी मुलगी तो भाग पाहून म्हणाली, “ती स्वतःच गेली, मग राम रडतोय कशाला?” प्रश्न बालबुद्धीचा वाटेल; परंतु रसविघ्न नेमके कोठे आले, हे त्यात अचूक सांगितले आहे.

याउलट भवभूती पाहा. त्याने तर वाल्मीकींचा शेवटच पालटला. सीता भूमीत जात नाही, तिचे आणि रामाचे मीलन होते. असे असूनही त्याने रामाला मुळीच सोडलेले नाही. त्यागाचा निर्णय घेताच त्याचा राम स्वतःला क्रूरकर्मा म्हणवून घेतो. पुढे शंबूकावर शस्त्र उचलताना, गर्भभाराने शिणलेल्या सीतेला हद्दपार करणाऱ्या या हाताला कसली दया, अशा अर्थाचे शब्द तो आपल्या उजव्या हातालाच सुनावतो. शंबूकवधाचा प्रसंग आज आपल्याला भवभूतीच्या हेतूपलीकडे जाऊन छळतो, आणि छळला पाहिजे. परंतु राजधर्माच्या नावाखाली जे जे केले त्याचा ठपका रामाने स्वतःवर घेतला आहे, एवढे तरी त्या ठिकाणी निर्विवाद दिसते. भवभूतीने शेवट गोड केला, पण अपराध पुसला नाही. सागरांनी शेवट तसाच ठेवला आणि अपराध पुसला. या दोहोंत मूळ कथेशी अधिक प्रामाणिक कोण? मला वाटते, भवभूतीच. शेवटातील घटना बदलल्याने कथा जेवढी बदलते, त्याहून ती घटनेची जबाबदारी बदलल्याने अधिक बदलते. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या चाहत्यांची तक्रारही नीट ऐकली तर याच जातीची दिसेल. राणीने नगर जाळले याचा त्यांना राग नव्हता. जे घडले ते आधीच्या पर्वांतून उगवलेले दिसले नाही, याचा होता. आपल्या नाट्यशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर निर्वहणात मुखातील बीज सापडले नाही.

तथापि उत्तरभागात एक गोष्ट सागरांना साधली आहे, आणि ती लहान नव्हे. लव आणि कुश अयोध्येत रामकथा गात फिरतात आणि अखेर रामाच्या सभेत येतात, तो प्रसंग मालिकेने पुष्कळ अवकाश देऊन रंगविला आहे. कुशाची भूमिका स्वप्नील जोशी आणि लवाची मयूरेश क्षेत्रमाडे या दोन मराठी मुलांनी केली आहे. पुढे मराठी चित्रपटांत नाव मिळविलेल्या नटाचे हे बालरूप पाहण्यासाठी म्हणून आई प्रथम स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली. “हा आपला स्वप्नील का?” असे विचारून ती तेथेच उभी राहिली. मुले गात होती. राम सिंहासनावर बसून आपलीच कथा ऐकत होता. जे आम्ही गेले महिनाभर करीत होतो तेच तो करीत होता, फरक इतकाच की त्याला उठून स्वयंपाकघरात जाण्याची सोय नव्हती. चित्रदर्शनाच्या वेळी त्याने कैकेयीचा प्रसंग गाळला होता. येथे गाणाऱ्यांनी काहीच गाळलेले नाही.

भवभूतीने सातव्या अंकात हाच प्रसंग नाटकातल्या नाटकाच्या रूपाने योजला आहे. गंगेच्या काठी अप्सरा वाल्मीकींचे नाटक करतात आणि त्यात त्यागानंतर सीतेचे काय झाले, ते राम प्रथमच पाहतो. तो आसनावरून उठून तिला हाक मारू लागतो, तेव्हा लक्ष्मणाला सांगावे लागते की हे नाटक आहे. पहिल्या अंकात हे चित्र आहे असे राम सीतेला सांगत होता. सातव्यात हे नाटक आहे असे त्याला सांगण्याची पाळी येते. या दोन वाक्यांच्या मध्ये बारा वर्षे आणि रामाचे सारे शिक्षण आहे. माझ्या प्रश्नाचे उत्तरही मला येथेच मिळाले. शेवटापूर्वी मागचे पुन्हा पाहावयाचे ते आठवण ताजी करण्यासाठी नव्हे. पहिल्या वेळी आपण ज्याला नुसते चित्र म्हणून बाजूला सारले होते, ते आपल्या अंगावर येऊ देण्याची ती तयारी असते. ही तयारी झाली असेल तर शेवट कर्त्याच्या हातून बिघडला तरी पारायण फुकट जात नाही. कारण तो कोठे बिघडला, हे आता प्रेक्षकाला कळते. आणि ही तयारी एकट्याने होत नाही. एक जण गाळतो ते दुसरा पाहतो, आणि का गाळलेस असे विचारतो.

त्या दिवसापासून आई खुर्ची घेऊन बसू लागली. २ मेच्या अखेरच्या भागात सीतेने धरणीला हाक दिली, भूमी दुभंगली, तेव्हाही ती उठली नाही. संच बंद झाल्यावर पुष्कळ वेळाने तिने जे सांगितले, ते मी आजवर कधी ऐकले नव्हते. माझी थोरली मावशी लग्नानंतर तिसऱ्या वर्षी सासरहून परत पाठविली गेली, आणि पुढचे आयुष्य तिने माहेरी काढले, हे मला ठाऊक होते. १९८८ साली उत्तरभाग सुरू झाला तेव्हा ती मिरजेस आमच्याकडे राहावयास आली होती. ताईला हे पाहावे लागू नये म्हणून आईने पहिल्याच रविवारी संच बंद केला. मावशी काही बोलली नाही. ती उठून शेजारी गेली आणि त्यांच्या ओटीवर बसून तो भाग तिने पाहिला. पुढच्या रविवारीही गेली, आणि नंतरही जात राहिली. “मला वाटलं, तिला बघवणार नाही,” आई म्हणाली. “पण तिलाच बघायचं होतं. मलाच बघवत नव्हतं.”

मावशी जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. तिने शेजारच्या ओटीवर बसून काय पाहिले, मालिकेतील स्वेच्छेने जाणारी सीता तिला पटली की नाही, हे विचारावयास कोणी उरले नाही. माझी मुलगी मात्र आजीजवळ सरकून बसली आणि कैकेयीपासून गाळलेले सगळे भाग आता आपण दोघी पुन्हा पाहू, असे तिने सुचविले. आईने नाही म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी त्या दोघींनी कोपभवनापासून आरंभ केला.